युट्रेख्टमार्गे कोथरूड

शिरीषरावांनी ब्रिटनची टूर काढायचं ठरवलं, तेव्हा बेस्टमधल्या एकाही मराठी माणसाला पुढच्या धोक्याची कल्पना आली नाही. बेस्ट म्हणजे नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला खेटून असलेलं गाव. इथली निम्मी मराठी माणसं चिप तयार करणारी यंत्रं बनवतात आणि उरलेली निम्मी त्या माणसांशी लग्न करून आलेली असतात. शिरीषराव दुसऱ्या निम्म्यातले. बायको सुमेधा इंजिनिअर. तिला नोकरी लागली आणि तिच्या परमिटच्या शेपटाला धरून तेही तीन वर्षांपूर्वी इथे आले. पुण्यात ते आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवत. त्यांनी नुसता चष्मा काढून हातात धरला की अख्खा वर्ग गप्प व्हायचा. इथे चष्मा काढल्यावर फक्त समोरचं दिसेनासं व्हायचं.

तशी तक्रार काहीच नव्हती. घर होतं, सायकल होती, सुमेधाही प्रेमळ होती. पण मंडळाच्या गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या बारशात, हातात डिश आली रे आली की समोरचा माणूस हमखास विचारायचा, "मग, तुम्ही काय करता?" या प्रश्नाला त्यांनी नाना उत्तरं देऊन पाहिली. "कन्सल्टन्सी" म्हटलं की लोक "कुणाला?" म्हणत. "सध्या डच शिकतोय" म्हटलं की काहीतरी बोलून दाखवा म्हणत. शेवटी ते डिशमधल्या बटाटेवड्याकडे बघून "बघू" एवढंच म्हणू लागले.

त्यात फेब्रुवारीत लीलावतीबाई आल्या. या सुमेधाच्या आई. कोथरूडच्या एका सोसायटीत त्यांचा छोटा बंगला होता, यजमानांनी स्वतः कागदावर आखून बांधून घेतलेला. तो आता पुनर्विकासात गेला होता. मुलाने सह्या केल्या, सुमेधाने केल्या, लीलावतीबाईंनीही केल्या, आणि नवा फ्लॅट मिळेपर्यंत थोडे महिने मुलीकडे राहावं असं ठरलं. घर पाडतानाचा व्हिडिओ मुलाने फोनवर पाठवला. तो त्यांनी उघडला नाही. "बरं" एवढं लिहिलं, आणि त्यानंतर घराचा विषय कधी काढला नाही.

जावयाचा विषय मात्र रोज निघे. नाशिकच्या बहिणीला फोन लावायचा, खोलीचं दार उघडं ठेवायचं आणि खणखणीत आवाजात सांगायचं, "शिरीषराव? ते काय, घरीच असतात." यात दुष्टपणा नव्हता. पण त्यांच्या मनात एक जुनी अढी होती. शिरीषराव मुलगी बघायला कोथरूडला गेले होते, तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून जिन्याकडेच बघत बसले. जिन्याला सिमेंटच्या जाळीची भिंत होती आणि त्यातून ऊन आत आलं होतं. ते उठले, जिना चढून उतरले, स्वयंपाकघरात जाऊन ओट्याची उंची वितीने मोजली, आणि मुलीला एकही प्रश्न न विचारता निघून गेले. दुसऱ्या दिवशी होकार आला तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसेना. "मुलगी बघायला आले आणि जिना बघून गेले," हे वाक्य लीलावतीबाईंनी तेव्हापासून लोणच्यासारखं मुरवत ठेवलं होतं.

तर एका रविवारी शिरीषरावांना जुने फोटो सापडले. कॉलेजच्या स्टडी टूरचे. चंदीगड, अहमदाबाद, जयपूर. धर्मशाळेत पथाऱ्या टाकलेली मुलं, पहाटेच्या धुक्यात टपरीवरचा चहा, कुठल्याशा पायऱ्यांवर बसून स्केच करणारी वाकलेली डोकी, आणि त्यांच्यामागून हात पाठीशी बांधून हिंडणारे खुद्द शिरीषराव. "रेघ मारताना घाबरायचं नाही," हे त्यांचं वाक्य मुलं नंतर एकमेकांना चिडवायला वापरत. ते फोटो बघताना त्यांना भरून आलं. आपण अजून कुणाला तरी काहीतरी दाखवू शकतो असं त्यांना वाटलं, आणि माणसाला असं वाटणं हे घरच्यांच्या दृष्टीने नेहमीच काळजीचं असतं.

संध्याकाळपर्यंत पोस्टर तयार झालं. 'आजचं ब्रिटन : कला आणि वास्तू. लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगो. मार्गदर्शक : प्रा. शिरीष वैशंपायन.' त्यातलं 'प्रा.' त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं.

पोस्टर मंडळाच्या ग्रुपवर गेलं आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. मागोमाग सल्ले आले. पहिल्या आल्या त्या शेजारच्या स्वप्नालीताई. त्या घरगुती डब्यांचा व्यवसाय करतात आणि जगातल्या कुठल्याही घटनेत त्यांना आधी जेवणाची वेळ दिसते.

"शिरीषदादा, मेनू काय ठरवलाय?"

"मेनू कसला? आपण आर्ट गॅलऱ्या बघायला चाललोय."

"उभं राहून भिंतींकडे बघायचं म्हणजे भूक जास्तच लागणार. मसालेभात माझ्याकडे लागला."

त्यांचे यजमान आशुतोष यांनी एक्सेलमध्ये धोक्यांची यादी करून आणली. पाऊस, गुडघेदुखी, ग्लासगोमधलं इंग्रजी. आशुतोषचे वडील राजनकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले. मराठी टूर कंपन्यांबरोबर त्यांनी बरेच देश पाहिले होते आणि प्रत्येक देश त्यांना तिथल्या नाश्त्यावरून आठवत असे.

"बकिंगहॅम पॅलेस दिसत नाही यात," पोस्टर लांब धरून ते म्हणाले.

"काका, आपण गेल्या तीस वर्षांतल्या इमारती बघणार आहोत."

"तीस वर्षांतल्या बालेवाडीत आहेत की! आणि गाइडच्या हातात झेंडा हवा. झेंडा नसेल तर ती टूर नाही, ती नुसती गर्दी."

सगळं सुरळीत चाललं असताना सुमेधाने वरणात पळी बुडवता बुडवता विचारलं, "अरे, पण व्हिसा?"

शिरीषरावांचा घास हातातच राहिला. इथल्या मराठी माणसाला ते प्लास्टिकचं रहिवासी कार्ड खिशात टाकून युरोपात कुठेही हिंडायची इतकी सवय झालेली असते, की ब्रिटनला वेगळा व्हिसा लागतो हे तो साफ विसरतो. चौकशी सुरू झाली. अर्ज, बोटांचे ठसे, आणि पासपोर्ट काही आठवडे व्हिसावाल्यांकडे. पासपोर्ट म्हटल्यावर अंगठे एकेक करून खाली आले. कुणाची पुण्याची तिकिटं काढलेली होती, कुणाच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. ज्यांच्याकडे डच पासपोर्ट होते त्यांनी ब्रिटन आधीच पाहिलेलं होतं.

लीलावतीबाईंच्या अर्जाला शिरीषराव स्वतः बसले. ब्रिटनहून त्या परत जाणार, कारण मायदेशी त्यांचं घर आहे, असं पटवून द्यायचं होतं.

"घराचे कागद जोडायचेत, आई."

"घर होतं, असं लिहिता येतं का हो?" त्यांनी विचारलं.

शिरीषरावांनी लॅपटॉप मिटला. त्या दिवसापुरतं ब्रिटन त्यांच्या मनातून उतरलं.

पण पोस्टर लागलेलं होतं आणि 'प्रा.' छापून गेलं होतं. माघार घेणं शक्य नव्हतं. आधी ग्लासगो गेलं, मग लिव्हरपूल, मग लंडन, आणि शेवटी जे उरलं ते असं : 'आजची कला आणि वास्तू : आइंडहोवन व युट्रेख्ट. एक दिवस. जेवणासह.' अंगठे परत आले. बहुतेक 'जेवणासह'ला होते.

एकटे राजनकाका खट्टू झाले. "मी आमच्या हास्यक्लबात सांगून बसलोय, ब्रिटनला चाललो म्हणून. आता कुठल्या तोंडाने परत जाऊ?"

मे महिन्यातल्या एका शनिवारी बेस्ट स्टेशनसमोरून मिनीबस सुटली. शिरीषरावांच्या हातात झेंडा होता. म्हणजे स्वप्नालीताईंची जुनी केशरी ओढणी, लाटण्याला बांधलेली. वीस वर्षं खडू धरलेल्या हातात लाटणं घेऊन उभं राहताना माणसाला काय वाटतं, हे ज्याचं त्याला ठाऊक. सकाळी घरातून निघताना त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की आज या माणसांनी एकदा तरी, फक्त एकदा, आपलं नीट ऐकलं पाहिजे. विशेषतः सुमेधाशेजारी खिडकीशी बसलेल्या सासूबाईंनी. बसमधला माइक मात्र राजनकाकांनी केव्हाच ताब्यात घेतला होता आणि ते हाऊसीचे आकडे पुकारत होते.

आइंडहोवनच्या चौकात काचेची एक गोलमटोल इमारत आहे. तिथे शिरीषरावांनी झेंडा उंचावला, घसा साफ केला आणि चष्मा काढला.

कुणीही गप्प झालं नाही.

"हे अजून पूर्ण व्हायचंय का?" कुणीतरी विचारलं.

"टॉयलेट कुठेय?" दुसऱ्याने विचारलं, आणि हा प्रश्न सर्वांना जिव्हाळ्याचा वाटला.

राजनकाका काचेला पाठ लावून उभे राहिले, आशुतोषकडून फोटो काढून घेतला आणि हास्यक्लबाच्या ग्रुपवर लिहिलं, 'मँचेस्टर. हवा छान.'

पुढे जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये एक आर्ट गॅलरी होती. अंधाऱ्या खोलीत मधोमध एक पत्र्याची बादली, वर छतातून थेंब थेंब पाणी, आणि दिव्याचा एकच झोत. शिरीषराव हळू आवाजात सांगू लागले, "इथे कलाकाराने काळ ही गोष्ट..."

"गळतंय," लीलावतीबाई म्हणाल्या.

"आई, ती कलाकृती आहे."

"असेल. पण थेंब काठावर पडतोय. सगळं बाहेर उडतंय." आणि शिरीषराव दोरीपर्यंत पोचायच्या आत त्यांनी दोरीखालून पाय घालून, सवयीने, बादली चार बोटं सरकवली. पुढचा थेंब बरोबर मध्ये पडला. त्याबरोबर भिंतीतला भोंगा वाजायला लागला आणि दोन रखवालदार धावत आले. बादली पूर्ववत करायला एक बाई पांढरे हातमोजे घालून आल्या. शिरीषरावांनी तिघांची माफी मागितली, दोनदा इंग्रजीत आणि एकदा डचमध्ये. शिकलेलं डच पहिल्यांदा उपयोगी पडलं ते असं.

"आमच्याकडे दर पावसाळ्यात असायचं हे प्रदर्शन," बाहेर आल्यावर लीलावतीबाई पुटपुटल्या.

राजनकाकांनी लिहिलं, 'लिव्हरपूल. येथे पाणी जपतात.'

युट्रेख्टला पोचेपर्यंत शिरीषरावांच्या लाटण्यातला जोर ओसरला होता. तिथे स्टेशनखाली सायकलींचं तीन मजली पार्किंग आहे. ते त्यांच्या कार्यक्रमात नव्हतं, नुसतं वाटेत लागलं. पण मंडळींनी आ वासला. आशुतोषने सायकली कशा आत शिरतात, मोकळी जागा दिव्यांवर कशी कळते, हे असं रंगवून सांगितलं की शेवटी टाळ्या पडल्या. शिरीषरावांनीही वाजवल्या. मागच्या रांगेत उभं राहून, दुसऱ्याच्या वर्गात बसल्यासारखं.

मग बागेत मसालेभात, मठ्ठा आणि जिलेबी. हाच काय तो कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, पण वेळेपेक्षा फार जास्त चालला. त्यामुळे पुढच्या ठिकाणी पोचायला उशीर झाला. ते होतं दिवसाचं मुख्य आकर्षण : शंभर वर्षांपूर्वीचं, तरी आजचं वाटणारं एक घर, सरकत्या भिंतींचं, जगभरच्या वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत असलेलं. एका वेळी थोड्याच माणसांना आत सोडतात. शिरीषरावांनी झेंडा राजनकाकांकडे दिला, "इथेच थांबा" म्हणून बजावलं, आणि ते पहिल्या तुकडीबरोबर आत गेले.

पाटबंधारे खात्यात एवढी वर्षं काढलेला माणूस स्वस्थ उभा राहत नाही. शिरीषराव बाहेर आले तर दुसरी तुकडी नव्हती. ना झेंडा, ना सासूबाई. ते एक गल्ली पळाले, दुसरी पळाले, आणि एका घराच्या पायरीशी थबकले. पायरीवर चपलाबुटांची रांग लागली होती. मध्ये लीलावतीबाईंच्या, मोज्यावर घालायच्या, रुंद पट्ट्याच्या. दाराला फुगे बांधलेले होते आणि दार सताड उघडं होतं.

घर विकायला काढलेलं होतं. त्या दिवशी ते सगळ्यांना पाहायला खुलं होतं. निळ्या सुटातली एजंट दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "प्लीज, कम इन" म्हणत होती. राजनकाकांनी भल्यामोठ्या काचा पाहिल्या, हेच ते प्रसिद्ध घर असं जाहीर केलं, आणि दुसऱ्याच्या घरात शिरायचं तसं सगळे चपला काढून शिरले. चपला काढून घर बघणारी गिऱ्हाइकं त्या एजंटने जन्मात पाहिली नव्हती. ती हरखून गेली होती.

आणि मराठी माणूस नवं घर जसं बघतो तसंच चाललं होतं. कपाटं उघडली जात होती. स्वप्नालीताई नळ सोडून धार बघत होत्या. "ओटा फारच अपुरा आहे," असं त्यांनी एजंटला हातवारे करून सांगितलं. राजनकाका भिंतीवर टकटक करत होते.

"ट्वेंटीफोर अवर्स वॉटर?"

"ऑफ कोर्स, सर."

"अँड सन? सन कम्स फ्रॉम व्हिच साइड?"

"द ईस्ट, सर," एजंट जरा घाबरून म्हणाली.

शिरीषराव माफी मागायला पुढे सरसावले. आज हे चौथ्यांदा. पण स्वयंपाकघराच्या दारात त्यांचे पाय थांबले. खिडकीच्या रुंद कट्ट्यावर लीलावतीबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी घराची मालकीण, तितकीच म्हातारी, तितकीच बारीक. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते.

"माय हाऊस ऑल्सो," लीलावतीबाई सांगत होत्या. "बिल्डर केम. ऑल गॉन."

ती बाई मान हलवत होती. आपल्या नवऱ्याने हे घर स्वतः आखलं होतं, ती म्हणाली. हौशी माणूस, म्हणून तर त्या जिन्याची एक पायरी उंच झाली आणि चाळीस वर्षं सगळे तिथे ठेचकाळले. शिरीषरावांनी ते मराठीत सांगितलं, आणि लीलावतीबाई ताडकन उठल्याच.

"ऐकलंत का शिरीषराव? यांच्याही यजमानांची पायरी चुकलीय!"

मग त्यांना रडू आलं. फेब्रुवारीपासून न आलेलं. त्या डच बाईलाही आलं. नळ बंद झाले, कपाटं मिटली. स्वप्नालीताईंनी उरलेल्या जिलेबीचा डबा मालकिणीच्या ओट्यावर ठेवला, आणि सगळे एकेक करून गुपचूप चपला घालू लागले. ते घर कुणीच घेणार नव्हतं, हे एजंटलाही एव्हाना कळलं असावं. तरीही तिने दारावरचा एक फुगा सोडून शिरीषरावांच्या हातात दिला.

बस परत निघाली. कुणी हाऊसीचं नाव काढेना. बाहेर सपाट हिरवी शेतं आणि लांबलचक उजेड. राजनकाकांनी माइक पुढे केला, पण तो कुणी घेईना. तेव्हा खिडकीतून बाहेर बघतच लीलावतीबाई म्हणाल्या, "शिरीषराव, आमचं घर दाखवा की यांना."

"आई?"

"तुम्ही पाहिलंय ना नीट. आमच्यापैकी कुणी एवढं बघितलं नव्हतं."

शिरीषराव उठले. एका हातात माइक, दुसऱ्या हातात फुगा. त्यांचे डोळे भरून आले होते म्हणून त्यांनी चष्मा काढला, आणि बस गप्प झाली.

"फाटकाची कडी आतून आहे," ते म्हणाले. "हात घालून काढायची. ती वाजते, म्हणजे आत कळतं कुणीतरी आलंय. दोन पायऱ्या शहाबादी. चपला इथे. डाव्या हाताला बैठकीची खोली. खाली बघा, मोझॅक आहे, हिरवट खडीचं. उन्हाळ्यात लोक इथे उताणे झोपतात, गादीशिवाय. पुढे स्वयंपाकघर. ओटा नेहमीपेक्षा बुटका आहे, कारण तो आईंच्या उंचीचा करून घेतलाय. या घरात हे एकच माप कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. खिडकीचा कट्टा रुंद आहे, भाजी निवडायला. पावसाळ्यात इथे, बरोबर इथे, बादली लागते."

"थेंब काठावर पडू द्यायचा नाही," लीलावतीबाई म्हणाल्या.

"आणि हा जिना. या जाळीतून सकाळी ऊन येतं, पायरीपायरीवर गोल गोल. मी मुलगी बघायला आलो तेव्हा हे ऊन बघितलं आणि वाटलं, ज्या घरात कुणी उन्हाचासुद्धा विचार केलाय, त्या घरातल्या मुलीला आणखी काय विचारायचं?"

बसमध्ये कुणीतरी नाक ओढलं. सुमेधा नवऱ्याकडे बघत होती. हे तिने आजवर ऐकलं नव्हतं.

"आता वर चला. जपून. चौथी पायरी उंच आहे."

"पाचवी," लीलावतीबाई म्हणाल्या.

"पाचवी," शिरीषराव म्हणाले, आणि बसल्या जागी सगळ्या मंडळींनी, खरं सांगतो, पाय उचलल्यासारखे केले.

गच्चीपर्यंत जाऊन आल्यावर स्वप्नालीताईंना आपलं चिपळूणचं माजघर दाखवून हवं झालं आणि आशुतोषला सरकारी क्वार्टर. शिरीषरावांनी ती घरं पाहिलेली नव्हती. मग ते विचारत गेले, दार कुठे, ऊन कुठून, आणि लोक सांगत गेले. बेस्ट आलं तरी कुणी उठेना. राजनकाकांनी मोबाइल काढला, हास्यक्लबाला लिहिलं, 'आज कोथरूडला जाऊन आलो,' आणि मित्रांच्या प्रश्नचिन्हांना उत्तर न देता फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीषराव भांडी पुसत होते. फुगा टेबलाला बांधलेला होता. खोलीचं दार नेहमीसारखं उघडं होतं आणि नाशिकला फोन लागला होता.

"शिरीषराव? अगं, त्यांनी काल आमचं घर दाखवलं सगळ्यांना. हो, कोथरूडचं. जिना, गच्ची, सगळं." पलीकडून बहीण काहीतरी म्हणाली असावी. लीलावतीबाईंचा आवाज चढला. "पाडलं म्हणून काय झालं? आर्किटेक्ट आहेत ते!"